औषधाच्या चिठ्ठीवर अन्न

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यांत माउंड बायू नांवाचें एक लहानसें गांव आहे. गुलामगिरींतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांनीं तें इ. स. १८८७ मध्यें वसविलें. आरोग्याच्या इतिहासांत त्या गांवाचें नांव राहिलें, तें एका दवाखान्यामुळें.

भोवतालची जमीन कापसाची व सुपीक; पण ती कसणारा मजूर दरिद्री. शेतांत यंत्रें आलीं, तशी त्याची मजुरीही गेली. आजारांत आधार द्यावयास विमा नाहीं, डॉक्टरांस द्यावयास पैसा नाहीं. १९४२ मध्यें तेथील कृष्णवर्णीयांच्या एका मंडळानें सभासदांच्या वर्गणीवर टेबोरियन रुग्णालय उघडलें होतें. परंतु ज्यास वर्गणीही झेपेना, त्यानें जावें कोठें?

या प्रश्नाचें उत्तर डॉ. जॅक गायगर यांना दक्षिण आफ्रिकेंत सांपडलें होतें. १९५७ सालीं, विद्यार्थिदशेंत, ते तेथील फोलेला या खेड्यांत कांहीं महिने राहिले. सिडनी व एमिली कार्क या डॉक्टर दंपतीनें १९४० मध्यें तेथें आरोग्यकेंद्र काढलें होतें. रोग्याबरोबर त्याचें घर, पाणी व अन्न हींही तपासावीं, हा तेथील धडा होता.

पुढें अमेरिकन सरकारच्या दारिद्र्यनिवारण योजनेंतून द्रव्य मिळालें. डॉ. काउंट गिब्सन यांच्या सहकार्यानें पहिलें केंद्र १९६५ मध्यें बॉस्टन येथें निघालें, व १९६७ मध्यें दुसरें माउंड बायू येथें.

येथील डॉक्टरांपुढें उपाशी मुलें आलीं. डॉक्टरांनीं चिठ्ठीवर औषधाऐवजीं अन्न लिहून दिलें. किराणा दुकानांनीं तें दिलें, आणि खर्च केंद्राच्या औषधखात्यावर पडला. सरकारी अधिकाऱ्यांनीं हरकत घेतली. गायगर यांचें उत्तर साधें होतें: वैद्यकाच्या ग्रंथांत कुपोषणावर औषध म्हणून अन्नच सांगितलें आहे.

तथापि दिलेलें अन्न संपतें. म्हणून केंद्राचे कार्यकर्ते जॉन हॅच यांनीं लोकांस संघटित केलें. विहिरी खणल्या गेल्या, शौचकूप बांधले गेले. मजुरांनीं सहकारी शेती काढून आपला भाजीपाला आपण पिकविला.

आज अमेरिकेंत अशीं सुमारें १४०० केंद्रें चालवणाऱ्या संस्था आहेत. गरिबांस तेथें मिळकतीच्या मानानें फी पडते. आणि कायद्यानेंच त्यांच्या कारभारी मंडळांत बहुमत रोग्यांचें असावें लागतें. दानाचा दवाखाना हक्काचा झाला, तो असा.