किमोटा! एका नावाची कोर्टकचेरी

कॉमिक वाचणाऱ्यांची एक थट्टा इल्फर्डमधल्या आमच्या घरांतून नेहमी ऐकू येते. एखाद्या मुलाने कागदावर झगेवाला नवा वीर काढला, की दुसरा म्हणतो, "जपून रे, वकिलाची नोटीस येईल!" सिनेमात आवडते पात्र बिघडवले, की "आता आपणच कंपनीवर दावा लावू" असा ठराव होतो आणि सगळे हसतात. वडीलधाऱ्यांना हा पोरखेळ वाटतो. परंतु ही थट्टा हवेतून आलेली नाही. तिच्यामागे सत्तर वर्षांवर चाललेला खराखुरा तंटा आहे. त्यातला एक मुख्य माणूस तर आपल्या शेजारचाच. इल्फर्डहून रेल्वेने लंडनकडे निघाले म्हणजे स्ट्रॅटफर्डच्या पलीकडे बो हा भाग लागतो. तेथे १९१६ साली एका यहुदी घरात मॉरिस अँग्लोविट्झ हा मुलगा जन्मला. पुढे तो मिक अँग्लो या नावाने चित्रकार झाला.

त्याची हकीकत समजण्यासाठी आधी अमेरिकेत जावे लागेल. क्लीव्हलंड शहरातील जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन यहुदी तरुणांनी सुपरमॅन निर्माण केला. १९३८ साली त्यांनी त्याचे सर्व हक्क १३० डॉलरला लिहून दिले. तेवढ्या पैशात एक पात्र गेले आणि कंपनीचे भाग्य उघडले. ती कंपनी नॅशनल, म्हणजे आजची डीसी. लगेच १९४० साली फॉसेट नावाच्या दुसऱ्या कंपनीने कॅप्टन मार्व्हल बाजारात आणला. बिली बॅट्सन नावाचा पोर 'शझाम' म्हणतो, वीज कडाडते आणि त्याचा महाबली होतो. मुलांना हे इतके आवडले, की खपात कॅप्टन मार्व्हल सुपरमॅनच्याही पुढे गेला.

नॅशनलने १९४१ साली फिर्याद लावली, की हा आमच्या वीराची नक्कल आहे. खटला प्रत्यक्ष उभा राहिला तो १९४८ साली. खालच्या कोर्टात १९५० साली नॅशनल हरली. कारण असे, की सुपरमॅनच्या वर्तमानपत्री चित्रमालेवर हक्काची सूचना नीट छापली गेली नव्हती. १९५१ साली अपिलात न्यायमूर्ती लर्नेड हँड यांनी तो निकाल फिरवला. तोवर कॉमिकचा खपही उतरला होता. फॉसेटने १९५३ साली ४ लाख डॉलर भरून तडजोड केली आणि कॅप्टन मार्व्हल बंद केला.

त्याच वर्षी हार्वे कुर्ट्झमन आणि वॉली वुड यांनी 'मॅड' या मासिकात या खटल्याची भरपूर टिंगल केली. त्यांच्या विडंबनात सुपरड्यूपरमॅन आणि कॅप्टन मार्बल्स असे दोन वीर भांडतात. मार्बल्सला कशानेच इजा होत नाही. शेवटी तो फसतो आणि स्वतःच स्वतःच्या डोक्यात ठोसा मारून आडवा होतो. वाचकांनी ही चित्रे मिटक्या मारीत पाहिली. या थट्टेचे पुढे काय झाले, ते वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आता लंडनला येऊ. युद्धानंतर ब्रिटनमध्ये डॉलरची टंचाई होती आणि अमेरिकन कॉमिकच्या आयातीला बंदी होती. त्यामुळे लंडनच्या हॅकनी रोडवरील एल. मिलर अँड सन ही पेढी फॉसेटची पुस्तके येथेच छापून विकत असे. न्यूयॉर्कला तडजोड झाली आणि इकडे मिलरचा मालच बंद पडला. त्याने मिक अँग्लोला गाठले. अँग्लोने तडकाफडकी उपाय काढला. बिलीच्या जागी मिकी मोरन आला, काळे केस जाऊन पिवळे आले, 'शझाम'च्या जागी 'किमोटा' आला. ॲटॉमिक हा शब्द उच्चाराप्रमाणे इंग्रजीत लिहून उलटा वाचला म्हणजे किमोटा होतो! ३ फेब्रुवारी १९५४ रोजी मार्व्हलमॅनचा पहिला अंक निघाला. गंमत अशी, की त्यावर क्रमांक होता २५, कारण कॅप्टन मार्व्हलची मोजणीच पुढे चालवली होती. जणू दुकान तेच, पाटी तेवढी बदलली. १९६३ सालापर्यंत हा वीर ब्रिटिश मुलांच्या हाती राहिला आणि मग तोही गेला.

इकडे नॉर्दॅम्प्टन गावात ॲलन मूर नावाचा मुलगा ही पुस्तके वाचत वाढत होता. 'मॅड'मधले ते विडंबनही त्याने वाचले. मोठेपणी लेखक झाल्यावर त्याने मार्व्हलमॅनला पुन्हा उठवले. मार्च १९८२ मध्ये डेझ स्किन यांच्या 'वॉरियर' मासिकात ही मालिका सुरू झाली. त्या जुन्या थट्टेतूनच आपल्याला ही कल्पना सुचली, असे मूरने स्वतः सांगितले आहे. थट्टेतला वीर हास्यास्पद होता. मूरने तोच मसाला घेऊन गंभीर कथा केली, की खरोखरच एवढे बळ एखाद्या माणसाला मिळाले तर त्याच्या बायकोचे आणि जगाचे काय होईल? वाचकाची चेष्टा एका मालिकेचे वळण बदलून गेली, ती अशी.

पण कज्जा संपला नव्हता. अमेरिकेतील मार्व्हल कंपनीच्या वकिलांनी नावाला हरकत घेतली. वास्तविक मिक अँग्लोचे मार्व्हलमॅन हे नाव १९५४ चे आणि त्या कंपनीने मार्व्हल हे नाव सर्रास घेतले ते १९६१ च्या सुमारास! तरीही १९८५ साली अमेरिकेत एक्लिप्स कंपनीने मालिका काढली ती मिरॅकलमॅन या नावाने. तिकडे डीसीने १९७२ साली फॉसेटकडून कॅप्टन मार्व्हल भाड्याने घेतला, म्हणजे ज्याला कोर्टात गाडले त्यालाच घरी आणले. पण मधल्या काळात, १९६७ साली, मार्व्हलने स्वतःचा वेगळाच कॅप्टन मार्व्हल काढला होता. म्हणून डीसीला पुस्तकावर 'शझाम' असेच नाव छापावे लागले.

पुढे एक्लिप्स बुडाली. १९९६ साली टॉड मॅकफार्लेन यांनी तिची मालमत्ता सुमारे २५ हजार डॉलरला घेतली. लेखक नील गेमन आणि त्यांच्यात २००२ साली खटला झाला, परंतु मिरॅकलमॅन कोणाचा हे त्यातूनही सुटले नाही. अखेर सगळ्यांना बोच्या त्या म्हाताऱ्याची आठवण झाली. २००९ साली मार्व्हल कंपनीने खुद्द मिक अँग्लोकडून हक्क विकत घेतल्याचे जाहीर केले. तेव्हा त्यांचे वय ९३ होते. २०११ साली ते वारले. २०१४ साली मार्व्हलने जुन्या कथा पुन्हा छापल्या तेव्हा ॲलन मूरने आपले नाव घालू दिले नाही. पुस्तकावर नुसते 'मूळ लेखक' असे छापले आहे.

आमच्यापैकी जे मुंबई, ठाणे किंवा पनवेल सोडून आले, त्यांना कॉमिक म्हणजे इंद्रजाल आठवते. टाइम्स ऑफ इंडियाची ही पुस्तके १९६४ साली सुरू झाली आणि १९९० साली बंद पडली. मराठीतही ती निघत. त्यातला वेताळ हा सेंट लुईसच्या ली फॉक यांचा, तेही यहुदीच. मूळ कथेत वेताळाचा देश बेंगाला आणि त्याचे वैरी चाचे सिंग. भारतीय वाचक दुखावू नये म्हणून इंद्रजालने त्यांचे डेंकाली आणि सिंगा करून टाकले. मुंबईच्या वाचकासाठी अमेरिकन कथेतली नावे बदलली गेली. म्हणजे पात्रावर वाचकाचा काहीच अधिकार नसतो, असे नव्हे.

सीगल आणि शुस्टर यांच्या बाबतीत तर हा अधिकार फार मोलाचा ठरला. १९४७ साली त्यांनी फिर्याद केली, तिचा शेवट थोडक्या रकमेच्या तडजोडीत झाला आणि पुस्तकावरून त्यांची नावेही गेली. म्हातारपणी शुस्टरची दृष्टी अधू झाली होती. सीगल कारकुनी करीत होते. १९७५ साली नील ॲडम्स आणि जेरी रॉबिन्सन या चित्रकारांनी आवाज उठवला आणि सुपरमॅनवर वाढलेले लोक त्यांच्या पाठीशी उभे राहिले. सिनेमा निघायचा होता, कंपनीला लाज राखणे भाग होते. दोघांना प्रत्येकी वर्षाला २० हजार डॉलर मिळू लागले आणि नावे परत छापली गेली. कोर्टाने जे दिले नाही, ते वाचकांच्या लाजवण्याने दिले.

असो. या सगळ्यातून आम्हांला दोन गोष्टी दिसतात. पात्र जिवंत राहते ते त्याच्यावर हसणाऱ्या आणि त्याच्यासाठी भांडणाऱ्या वाचकांमुळे. पण कर्त्याच्या पदरात काही पडायचे, तर त्याचे नाव आणि हक्काचा कागद दोन्ही जपलेली हवीत. आमच्या कित्येक घरांत वडिलांनी रचलेली कीर्तने आणि लग्नातली गाणी वह्यांत पडून आहेत. त्यांवर ना नाव, ना साल. वाचकहो, ज्यांना ठाऊक आहे त्यांनी आजच पहिल्या पानावर कर्त्याचे नाव लिहून ठेवावे. आणि घरातले मूल वीर काढू लागले, तर त्याला हसण्याआधी कागदाच्या कोपऱ्यात सही व तारीख घालायला शिकवावे.