पाय नव्हे, शिदोरी

आम्ही तुमच्या बचत गटांच्या सहयोगिनी. आज एका परक्या पदार्थाची गोष्ट घेऊन आलो आहोत. त्याचं नाव पाय. बेकरीच्या प्रशिक्षणात बाईंनी फळ्यावर हा शब्द लिहिला, तर मागच्या रांगेतून आवाज आला, "कुणाचा पाय? बकऱ्याचा का?" सगळ्या हसल्या. हसणं थांबल्यावर एक मावशी म्हणाल्या, "हे साहेबांच्या टेबलावरचं खाणं. आपल्या गावात कोण विचारणार? उगाच गटाचे पैसे अडकतील."

मावशींचं म्हणणं आम्हाला पटलंही आणि टोचलंही. म्हणून हा पदार्थ आला कुठून ते आम्ही शोधायला बसलो. पाय म्हणजे पिठाच्या पारीत सारण भरून भाजलेला पदार्थ. आपली करंजी तळायची, हा भाजायचा. श्रीमंतांच्या मेजवानीत मोठाले पाय असत हे खरं. पण आम्हाला भेटले ते फडक्यात बांधून कामावर नेण्याचे पाय.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा भाग आहे. तिथे तांब्याच्या आणि कथलाच्या खाणी होत्या. खाणीत उतरलेला माणूस जेवायला वर येत नसे. म्हणून घरची बाई त्याला पेस्टी करून द्यायची. अर्ध्या चंद्राचा आकार, कडेला जाड मुरड, आत बटाटा, कांदा, सलगमासारखा एक कंद आणि परवडलं तर मांस. सारण कच्चंच भरायचं, ते पारीच्या आत भाजताना शिजतं. घरात चार कामकरी असले तर प्रत्येकाच्या पेस्टीच्या कोपऱ्यावर पिठानेच नावाचं अक्षर काढायचं, म्हणजे अर्धी खाऊन ठेवली तरी कुणाची ते कळतं.

या मुरडीबद्दल एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. खाणीत हाताला सोमलाचं विष लागायचं, म्हणून कामगार मुरड धरून खायचा आणि शेवटी ती फेकून द्यायचा. ऐकायला छान आहे. पण जुन्या फोटोंत कामगार कापडात किंवा कागदात धरून टोकापासून टोकापर्यंत खाताना दिसतात. आम्हाला तर गोष्ट ऐकतानाच शंका आली होती. भुकेल्या घरातली बाई टाकून द्यायला कड करेल का? गव्हाचं पीठ महाग पडे तेव्हा तिथल्या गरीब घरांत सातूच्या पिठाचा कडक गोळा व्हायचा, त्याला होगन म्हणत. त्यात मांसाचा एखादा तुकडा निघाला तर नशीब.

आणि बायका फक्त चुलीपाशी नव्हत्या, बरं का. खाणीच्या तोंडाशी, उघड्यावर, हातोड्याने दगड फोडून धातूचा दगड वेगळा करणाऱ्या मुली आणि बायका होत्या. त्यांना 'बाल मेडन' म्हणत. त्या भाषेत बाल म्हणजे खाण. मजुरी पुरुषांपेक्षा बरीच कमी. दुपारी त्याही आपली पेस्टी सोडायच्या. पेस्टीच्या गोष्टीत खाणकामगार म्हटलं की सगळ्यांना पुरुषच दिसतो, हे आम्हाला खटकलं.

आता ही पेस्टी समुद्रापार कशी गेली ते ऐका. मेक्सिकोत रिआल देल मोन्ते इथे चांदीच्या जुन्या खाणी होत्या. त्या पुन्हा चालू करायला १८२४ मध्ये इंग्रजांची एक कंपनी निघाली आणि कॉर्नवॉलचे कामगार तिकडे गेले. किनाऱ्यावर उतरल्यावर तापाने कित्येक मेले. कंपनीही पुढे तोट्यात बुडाली. पण पेस्टी राहिली. तिथल्या बोलीत तिचं नाव झालं पास्ते. सारणात हिरवी मिरची आली, मोले नावाचा दाट मसाला आला, आणि गोड पास्तेत अननस आणि तांदळाची खीरसुद्धा! आज त्या गावाची ओळख या पास्तेवर आहे. त्या खाणींचा कारभार पाहणाऱ्या जॉन टेलरच्या घराण्याची कंपनी १८८० मध्ये आपल्या शेजारच्या कर्नाटकात, कोलारच्या सोन्याच्या खाणीतही आली.

इकडे कॉर्नवॉलवाल्यांनी आपलं नाव जपलं. 'कॉर्निश पेस्टी'ला २०११ मध्ये युरोपात भौगोलिक मानांकन मिळालं, जसं आपल्या कोल्हापूरच्या गुळाला आहे. म्हणजे त्या नावाने तिथे विकायची तर ती कॉर्नवॉलमध्येच बनलेली हवी, निदान साडेबारा टक्के मांस हवं आणि मुरड बाजूलाच हवी. म्हणून आमचं आधीच सांगणं, आपल्या पुड्यावर ते नाव छापायचं नाही. मेक्सिकोवाल्यांनी स्वतःचं नाव ठेवलं, आपणही ठेवू.

आम्हाला सगळ्यांत आवडला तो मात्र दुसराच. बेडफर्डशायर हा शेतीचा जिल्हा. तिथल्या शेतमजुरांचा क्लँगर म्हणजे लांबट वळकटी, मधे पिठाचीच भिंत. एका टोकाला मांस-बटाटा, दुसऱ्या टोकाला जॅम. जेवण आणि वर गोड, एकाच फडक्यात. पूर्वी तो कापडात गुंडाळून तासन् तास उकडत. बाजूला बायका टोप्यांसाठी गव्हाच्या काडाच्या वेण्या घालत बसायच्या. नागपंचमीला आपण दिंड उकडतो, तसंच काहीसं. आता तो भाजतात.

तोच आम्ही करून पाहिला. पाव किलो पिठाला सव्वाशे ग्रॅम तूप. मोहन कडकडीत घालायचं नाही, थिजलेलं तूप बोटांनी पिठात चोळायचं, रव्यासारखं झालं की चमचा चमचा गार पाणी. फार मळायचं नाही, नाहीतर पारी चिवट होते. एका बाजूला बटाटा, कांदा, मटार, मिरची. हे आम्ही अर्धवट शिजवूनच घेतलं. दुसऱ्या बाजूला गूळ-खोबरं. ओव्हन नव्हता, म्हणून जाड पातेल्यात मीठ तापवून, वर झाकणावर निखारे, नानकटाईला करतो तसं. पहिल्या खेपेला मधली भिंत पातळ लाटली गेली आणि गूळ वितळून बटाट्यात शिरला. दुसऱ्या खेपेला भिंत बोटभर जाड ठेवली, पाऊण तास भाजला, नीट झाला.

दुसऱ्या दिवशी शंका घेणाऱ्या त्याच मावशी दोन क्लँगर फडक्यात बांधून खुरपायला घेऊन गेल्या. संध्याकाळी निरोप आला: गोड बाजू कोणती ते वरून कळत नाही, तिथे काट्याने टोचून खूण करा. तेव्हापासून करतो.