प्राणवायू आणि जांभळे जीवाणू

ऑक्सिजनला ‘प्राणवायू’ म्हणण्याची रूढी मराठीत पडली आणि त्याबरोबर एक सिद्धान्तच शब्दात गोठून बसला. लाव्हाझिएने दिलेल्या मूळ नावाचा अर्थ ‘आम्लजनक’. तोही पुढे चुकीचाच ठरला. प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय भाषाशास्त्राचा आहे. तथापि ज्या जीवांना हा प्राणवायूच प्राणघातक ठरतो त्यांच्या अभ्यासाचा इतिहास या शब्दाच्या निमित्ताने त्याच्या वाचनात आला.

या इतिहासाचा आरंभ एका गैरसमजाने होतो. जांभळे जीवाणू प्रकाशाकडे गोळा होतात हे एंगेलमान याने १८८३ मध्ये दाखविले. आणि हिरव्या वनस्पतींप्रमाणे तेही ऑक्सिजन सोडतात, असे मत त्याने १८८८ मध्ये मांडले. मोलिश याने १९०७ मध्ये हे मत खोडून काढले. त्याची उपपत्ती मात्र १९३१ पर्यंत लागली नाही. त्या वर्षी कॅलिफोर्नियातील व्हान नील याने दाखविले की, हे जीवाणू पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइडासारख्या पदार्थांपासून हायड्रोजन घेतात. ऑक्सिजन निर्माण होण्याचे कारणच उरत नाही.

त्यांपैकी ऱ्होडोस्यूडोमोनास स्फिरॉइडिस (१९८४ पासून ऱ्होडोबॅक्टर) ही जाती मोठी सोयीची निघाली. ती हवेवाचून प्रकाशावर जगते, तशीच अंधारात श्वसनावरही जगते. ग्रिफिथ्स, सिस्ट्रॉम, कोहेन-बाझीर व स्टॅनियर यांनी १९५५ मध्ये तिच्या एका उत्परिवर्तित वाणाचे वर्तन प्रसिद्ध केले. या वाणात रंगीत कॅरोटिनॉइडे नव्हती. प्रकाशात, हवा नसताना, तो वाढला; अंधारात, हवा असताना, तोही वाढला. प्रकाश व हवा एकत्र आली मात्र, आणि त्याचे जीवाणुहरितद्रव्य नष्ट होऊन पेशी मरू लागल्या. नैसर्गिक वाणास याच परिस्थितीत काही झाले नाही.

या प्रयोगाचे महत्त्व त्याच्या तर्कात आहे. दोषी प्रकाशही नव्हे आणि ऑक्सिजनही नव्हे; दोघांची गाठ हरितद्रव्याच्या ठायी पडते तेथे घात होतो. तोपर्यंत कॅरोटिनॉइडांकडे प्रकाश गोळा करणारी ‘साहाय्यक’ रंगद्रव्ये म्हणून पाहिले जाई. ते काम ती करतातच. पण ‘साहाय्यक’ या विशेषणाने त्यांच्या संरक्षक कार्याविषयीचा प्रश्न विचारण्याचेच बहुधा राहून गेले, असे मला वाटते. पुढे १९५७ मध्ये याच गटातील तिघांनी दाखविले की, हवा मिळताच जीवाणू रंगद्रव्य बनविणे थांबवितो. धोक्याचे साधनच आवरून घेण्याची ही युक्ती आहे.

मारक पदार्थ कोणता, याचे उत्तर रसायनशास्त्राकडून आले. प्रकाशाने उद्दीपित झालेले हरितद्रव्य आपली ऊर्जा ऑक्सिजनला देते व त्यातून ‘एकक’ अवस्थेतील अतिक्रियाशील ऑक्सिजन उत्पन्न होतो. बीटा-कॅरोटीन त्याची ऊर्जा काढून घेऊन त्यास निवळते, हे फूट व डेनी यांनी १९६८ मध्ये दाखविले. सुपरऑक्साइड नष्ट करणारे विकर १९६९ मध्ये मॅककॉर्ड व फ्रिडोविच यांनी ओळखले. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ ही संज्ञा १९८५ मधील झीस यांच्या संपादित ग्रंथानंतर रूढ झाली. तिचे ‘ताण’ हे भाषांतर मला फिके वाटते. मनाच्या काळजीचा भास त्यात अधिक होतो. ‘जाच’ म्हटले तर बाहेरून होणारा त्रास व त्याला द्यावयाचे उत्तर, दोन्ही सूचित होतात.

हे उत्तर पेशी कसे देते, याचा उलगडा अँथनी, वॉर्झॅक व डोनोह्यू यांनी २००५ मध्ये केला. सिग्मा-ई हे प्रथिन एरवी दुसऱ्या एका प्रथिनाने अडवून धरलेले असते. एकक ऑक्सिजन निर्माण झाला की ते मोकळे होते आणि बचावाची जनुके कार्यान्वित करते. कॅरोटिनॉइडे अपुरी आणि सिग्मा-ईही निकामी, अशा पेशी मात्र या ऑक्सिजनने मरतात. १९५५ च्या वाणात नसलेल्या रंगद्रव्यांमागे संरक्षणाची ही दुसरी फळी उभी होती.