सहा वर्षांची वाट कशाला?

मूल दोन वर्षांचे झाले तरी दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर ‘त्याचे बाबाही उशिराच बोलले’ अशी घरात समजूत घातली जाते. या समजुतीत मोलाची वर्षे निघून जातात.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ या वयात जवळच्या किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. सहा वर्षांआधीची वाट मात्र आरोग्य विभागातून जाते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फिरती पथके अंगणवाडीतील बालकांना वर्षातून दोनदा तपासतात. शंका आल्यास मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते. तेथे श्रवण, वाचा, हालचाल आणि बौद्धिक विकासाचे मूल्यमापन होते. शहरी पालकांची अडचण अशी, की ही पथके अंगणवाड्या आणि सरकारी, अनुदानित शाळांपुरतीच असतात; खासगी नर्सरीतील मूल त्यांच्या नजरेस पडत नाही. अशा पालकांनी बालरोगतज्ज्ञांकडून चिठ्ठी घेऊन स्वतःच केंद्र गाठावे.

वाचा किंवा व्यवसायोपचार सुरू करण्यास दिव्यांगत्व प्रमाणपत्राची गरज नसते. ते लागते सवलतींसाठी. त्याचा अर्ज केंद्राच्या ‘स्वावलंबन’ संकेतस्थळावर करता येतो. दिव्यांगत्वाचे कारण देऊन मान्यताप्राप्त शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. शाळेने तोंडी नकार दिल्यास तो लेखी मागावा. बहुविध किंवा तीव्र दिव्यांगत्व असल्यास, २०१२ च्या दुरुस्तीनुसार, घरीच शिक्षण घेण्याचा पर्यायही आहे.