तांब्यावर लोखंडाच्या घुंड्या

पोळ्याच्या दिवशी आपला शेतकरी बैलाच्या शिंगांना पितळी शेंब्या चढवतो, गळ्यात घुंगरांची माळ बांधतो. जनावराला धातूने सजवण्याची ही हौस आपल्या भागात किती जुनी असेल? नागपूरहून काटोल रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर माहुरझरी आहे. त्या गावच्या जमिनीने याचे एक उत्तर दिले. मात्र ते बैलाचे नाही, घोड्याचे आहे.

१९७० ते १९७२ या काळात नागपूर विद्यापीठातर्फे डॉ. शां. भा. देव यांनी तिथली शिळावर्तुळे उकरली. शिळावर्तुळ म्हणजे मोठमोठ्या धोंड्यांचे कडे आणि आत मुरूम-गोट्यांची भर. तिच्याखाली पुरलेला माणूस, त्याची भांडी, हत्यारे. आणि काही वर्तुळांत त्याचा घोडासुद्धा. घोड्याच्या हाडांवर कापल्याच्या खुणा आहेत, म्हणजे धन्याबरोबर त्याचाही बळी दिला असावा. या घोड्यांच्या तोंडावरचा साज मिळाला. तो आहे तांब्याच्या पातळ पत्र्याचा, आणि त्या पत्र्यावर ठरावीक अंतराने बसवल्या आहेत लोखंडाच्या गोल घुंड्या. लोखंडी पात्याला तांब्याची मूठ असलेली कट्यारही तिथे निघाली. काळ म्हणाल तर अडीच हजार वर्षांपूर्वीचा, कदाचित त्याहून थोडा आधीचा.

आता घुंडीच हवी होती, तर तांब्याचाच पत्रा मागून ठोकून फुगवता आला असता. त्याला कष्टही कमी पडले असते. मग लोखंड कशाला? मला वाटते, रंगासाठी. आज तांबे हिरवे पडले आहे आणि लोखंड गंजून तपकिरी झाले आहे, म्हणून आपल्या ते ध्यानात येत नाही. पण नव्या घासलेल्या तांब्याच्या लालीवर काळसर लोखंडाची ओळ कशी उठून दिसली असेल, याची कल्पना करून पाहा.

हे दोन धातू एकत्र नांदवणे सोपे नव्हते. तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते, लोखंडाला १५३८ अंश लागतात. त्या काळच्या मातीच्या भट्टीत लोखंडाचा रस होत नसे. स्पंजासारखा गोळा मिळे, तो लाल करून ठोकत राहायचा. अशी एक भट्टी पारशिवनी तालुक्यातल्या नायकुंडला उत्खननात सापडलीही आहे. म्हणजे तांबे ओतता येई, थंडपणी ठोकता येई. लोखंडाला मात्र ऐरणीवर तापलेले असतानाच वळवावे लागे. एकाच वस्तूसाठी दोन वेगळ्या हातांचे कसब हवे. शिवाय तांबे आणि लोखंड ठोकून एकजीव होत नाहीत. पत्र्याला भोक पाडून खिळ्याने आवळायचे, नाहीतर लोखंडावर तांब्याचा रस ओतायचा. रस निवताना आकसतो आणि लोखंडाला घट्ट धरून ठेवतो. तांब्याच्या रसात लोखंड वितळत नाही, हे त्या कारागिरांना पुस्तकातून कळलेले नव्हते, हे सांगायला नकोच.

या जोडीतच तिचा घात दडलेला होता. ओल्या मातीत तांबे आणि लोखंड एकमेकांना चिकटून राहिले की त्यांच्यात बॅटरीसारखी क्रिया सुरू होते, आणि झिजते ते लोखंड. तांबे वाचते. उलट तांब्याच्या क्षारांमुळे शेजारचे चामडे, लाकूड, सूत यांचे तुकडे कधीकधी टिकतात. म्हणून अशा साजात घुंडीच्या जागी नुसता गंजाचा ठिपका उरला, तरी उत्खनन करणाऱ्याला तो मोलाचा असतो. तो मातीतच, कवटीच्या जवळ, पत्र्यावर पाहावा लागतो. पत्रा उचलून झटकला की घुंडी गेली.

या वर्तुळांकडे विद्वानांचे लक्ष फार पूर्वी गेले. ज्यांच्या नावाने आपले हिस्लॉप कॉलेज आहे ते स्टीफन हिस्लॉप १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची वर्तुळे पाहून परतताना पुराच्या नाल्यात बुडून वारले. पुढे १८६७ मध्ये रिव्हेट-कार्नॅक यांनी जुनापाणीला खोदकाम केले आणि तिथल्या वस्तू लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या. जुनापाणीला सुमारे तीनशे वर्तुळे मोजली गेली आणि ते ठिकाण संरक्षितही आहे.

पण नागपूरभोवतीची कितीतरी वर्तुळे कुणाच्या ना कुणाच्या वावरात आहेत. शहर त्यांच्यापर्यंत येऊन ठेपले आहे. धोंडे पायाच्या कामाला येतात, मुरूम रस्त्याला येतो, उरलेल्या जागेवर लेआऊट पडतो. जेसीबीच्या बकेटमध्ये एखादा हिरवा पत्रा आलाच, तर तांबे म्हणून तो भंगारवाल्याकडे वजनावर जाईल. लोखंडाचा गंज मुरमाबरोबर रस्त्यात दबेल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)