सात पैशांची वीज

लेकीला शाळेत सध्या ‘साधा विद्युत परिपथ’ चालू आहे. सेल, वायर, बटण, बल्ब. झकास आकृती काढून तिने विचारलं, "बाबा, खरा करून बघूया?" माझ्या तोंडून आपसूक निघालं, "हात लावू नकोस हं!" दीड व्होल्टच्या सेलला!! वाक्य माझं नव्हतंच, आमच्या अण्णांचं होतं. लहानपणी रेडिओ उघडला म्हणून मिळालेला धपाटा अजून आठवतो. परिपथाच्या आकृतीला मला पैकीच्या पैकी मार्क होते, पण हाताने बल्ब कधी लावला नाही.

त्या रात्री मायकेल फॅरडे आठवला. लोहाराचा मुलगा, शिक्षण बेताचंच. लंडनमध्ये जॉर्ज रिबो नावाच्या बुकबाइंडरकडे 1805 पासून सात वर्षं उमेदवारी केली. बांधायला आलेल्या एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकामध्ये त्याने विजेवरचा लेख वाचला. दुसरा मालक म्हणाला असता, "पुस्तकं बांध, वाचू नकोस." रिबोने वाचू दिलं, फावल्या वेळात प्रयोगही करू दिले.

1812 च्या जुलैमध्ये फॅरडेने मित्राला पत्र लिहिलं. तांब्याची सात हाफपेनी नाणी, त्याच मापाच्या जस्ताच्या सात चकत्या आणि मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागद. आधी त्याने ‘सात’ कागद लिहिले, मग लगेच दुरुस्ती केली, सहाच! पुढच्याच वर्षी तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये लागला, आणि 1831 मध्ये जनित्रामागचं तत्त्व त्यानेच शोधलं. तिथेच 1825 साली मुलांसाठी नाताळची व्याख्यानं सुरू झाली. त्यातल्या एकोणीस माला त्याने स्वतः दिल्या, टेबलावर प्रयोग करून दाखवत.

रविवारी आजीच्या डब्यातले ढब्बू पैसे काढले, हार्डवेअरच्या दुकानातून जस्ताचा मुलामा दिलेले वॉशर आणले. पैसा, वॉशर, ओला टीपकागद, परत पैसा.. अशी चळत रचली. दोन टोकांना लाल एलईडी जोडला. काही नाही. लेकीने त्याचे पाय उलटे लावले आणि तो मिणमिणला!

"पण बाबा, कागद सहाच का?" मी गप्प. तिनेच बोट ठेवून मोजलं. "अरे, कागदाच्या एका बाजूला जस्त आणि दुसऱ्या बाजूला तांबं, तोच एक सेल! म्हणजे सेल सहाच." इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं, मीही कुणाला विचारलं नव्हतं.

भिंतीतल्या प्लगला हात लावायचा नाही, हा नियम आमच्याकडे कायम आहे. बाकी सगळं उघडायला परवानगी. असो. अण्णा, तुम्ही हे वाचत असाल, तर तो रेडिओ अजून माळ्यावर आहे का? नात विचारतेय.