बुरशीच्या शेतातले आयतोबा

शहाद्याजवळच्या लोणखेड्यात उसाची टिपरी लावली की तिच्या डोळ्यावर पहिली नजर जाते ती वाळवीची, म्हणजे उधईची. पण शेतातला हा चोर स्वतः शेतकरी आहे. ओडोन्टोटर्मिस जातीची वाळवी चघळलेला काडीकचरा पोटातून एकदा काढते, त्याची स्पंजासारखी पोळी रचते आणि तिच्यावर टर्मिटोमायसिस नावाची बुरशी पिकवते. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी ही त्याच पिकाची.

हे शेत लेखी नोंदीत आलं ते १७७९ मध्ये. लिनियसचा शिष्य योहान गेरहार्ड क्योनिग तंजावरच्या बाजूला वारुळं फोडून पाहत होता. आतली पोळी त्याने टिपली. जिथे साठा तिथे आयतं खाणारा, हे मात्र आणखी शंभरेक वर्षांनी उमगलं. वारुळात राहणारा नाग आपल्याला ठाऊक असतो, पण तो फक्त जागा वापरतो. खरे आयतोबा मोहरीएवढे.

त्यांचा माग लागला तो मुंबई इलाख्यात. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातले मिशनरी फादर हाइम आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले फादर योसेफ आस्मुथ हे दोघे जेझुइट वाळवी आणि तिच्या वारुळातले पाहुणे गोळा करून युरोपात कीटक-अभ्यासक एरिक वास्मान यांच्याकडे पाठवत. वास्मानही जेझुइटच. घरांची लाकडं पोखरणाऱ्या एका वाळवीला त्यांनी १९०२ मध्ये हाइम यांचं नाव दिलं; आज ती कॉप्टोटर्मिस हाइमी म्हणून ओळखली जाते. वारुळातल्या एका विचित्र माशीच्या नावात आस्मुथ आले. या टर्मिटोक्सेनिया माश्यांचे पंख गळून खुंट उरतात आणि पोट फुगतं. वास्मान यांना त्या उभयलिंगी वाटल्या. पुढे ते चूक ठरलं.

वास्मान यांनी अभ्यासलेला डोरिलोक्सेनस हा बारका भुंगेरा जास्त बोलका निघाला. त्याचे आफ्रिकेतले भाऊबंद लष्करी मुंग्यांच्या संगतीत राहतात, आणि भारतातला मात्र वाळवीच्या वारुळात. वास्मान यांनी निष्कर्ष काढला की वाळवीवर धाडी घालणाऱ्या मुंग्यांबरोबर तो आत आला आणि तिथेच राहिला. जाती बदलतात याचा हा पुरावा त्यांनी ग्रंथात मांडला, आणि १९०७ मध्ये बर्लिनला उत्क्रांतीवरच्या जाहीर वादात ते उभे राहिले. जाती बदलतात हे त्यांना मान्य होतं. माणसाचा आत्मा त्यात ओढायला मात्र ते तयार नव्हते.

म्हणजे आपल्याकडचे हे पाहुणे परक्या कुळातले. ओडोन्टोटर्मिसच्या वारुळात मायक्रोटर्मिस ही दुसरी वाळवीही सापडते, पण एका वाड्यात वेगळी चूल मांडावी तशी ती आपली छोटी पोळी वेगळी पिकवते.

घरातलाच आयतोबा पाहायचा तर अमेरिका खंडात जावं लागतं. बुरशी पिकवणाऱ्या मुंग्या फक्त तिकडेच आहेत. थॉमस बेल्टने निकाराग्वात पाहून १८७४ मध्ये सांगितलं की कापून नेलेली पानं त्या खात नाहीत, त्यांचं खत करतात. १८९३ मध्ये ब्राझीलमध्ये आल्फ्रेड म्योलरने ते सिद्ध केलं. या मुंग्यांची शेती सुमारे साडेसहा कोटी वर्षांची, वाळवीची तीन कोटींच्या आसपास.

परजीवी मुंग्या बहुधा यजमानाच्याच जवळच्या नात्यातल्या असतात, हे इटालियन कार्लो एमेरीने १९०९ मध्ये नोंदवलं. त्याचे ठळक दाखले या बुरशीशेतीत मिळाले. पनामातली अ‍ॅक्रोमिरमेक्स इन्सिन्यूएटर ही १९९८ मध्ये वर्णिलेली मुंगी भावकीतल्याच अ‍ॅक्रोमिरमेक्स एकिनाटिओरच्या वारुळात शिरते. यजमान राणीला ती मारत नाही; तिच्या कामकऱ्यांकडून आपली पिल्लं वाढवून घेते. ब्राझीलची मायकोसेप्युरस कॅस्ट्रेटर (२०१०) त्याहून पुढे गेलेली आहे. तिच्यात कामकरी मुंग्याच उरलेल्या नाहीत, आणि ती आत असेपर्यंत यजमान वसाहतीतून नव्या राण्या बाहेर पडत नाहीत. जनुकांच्या अभ्यासातून २०१४ मध्ये दिसलं की यजमानापासून ती सुमारे ३७ हजार वर्षांपूर्वीच फुटली, तीही त्याच मातीत, मध्ये डोंगर-नदी नसताना.

उत्क्रांतीच्या हिशेबात हे कालपरवाचंच. मुंबई इलाख्यातल्या वारुळांतल्या परक्यांना आत टिकायला पंख गाळावे लागले, अंग बदलावं लागलं. घरच्या मुंगीला वास ओळखीचा आणि वाट माहितीची होती. तिला फक्त काम सोडायचं होतं.